डबा भरल्यावर

अकरावीपासून बीएस्सीपर्यंतची पाच वर्षं मी बार्शीत काढली. त्या पाच वर्षांत माझं जेवण रोज एसटीनं यायचं. पुढची चार वर्षं पुण्यात, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत मेसवर काढली. म्हणजे २००६ ते २०१५ अशी नऊ वर्षं मी घराबाहेर जेवलो. या काळात पुस्तकांतून जे शिकलो, त्यातलं बरंचसं विसरून गेलो आहे. डब्यानं आणि मेसनं जे शिकवलं ते मात्र आजही रोज हाताशी येतं. म्हणून ते एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं.

माझं गाव परांडा तालुक्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात. जिल्हा मराठवाड्यातला, पण बाजार, दवाखाना, कॉलेज यासाठी आमच्या भागाचा सगळा ओढा बार्शीकडे. गावातून सकाळी सातला मुक्कामी गाडी सुटायची. त्याआधी पारावर आठ-दहा डबे गोळा झालेले असायचे. कोणाची पिशवी खताच्या पोत्यापासून शिवलेली, कोणाची जुन्या पँटच्या कापडाची. डब्यावर ऑइलपेंटनं नाव. माझ्या पिशवीच्या बंदाला आईनं लाल लुगड्याची चिंधी बांधली होती, म्हणजे गर्दीत पटकन ओळखू यावी. ड्रायव्हरच्या मागच्या जागेत हे सगळे डबे बसायचे. कंडक्टर मास्तर त्याचे पैसे घेत नसत. उलट एखादा डबा आडवा होऊन आमटी गळायला लागली, तर तिकिटं फाडता फाडता वाकून तो उभा करत.

बार्शीच्या स्टँडवर एका कडेच्या कट्ट्यावर डबे उतरायचे. चहूबाजूंच्या गावांहून गाड्या येत आणि दहा वाजेपर्यंत तो कट्टा भरून जाई. राखणीला कोणी नसे. पोरं येत, आपापली पिशवी उचलत, कालचा रिकामा डबा ठेवत आणि जात. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे गावाला परत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडंच थांबायची, आणि मग त्या दिवशी खारी-चहावर भागवावं लागायचं. पण कोणी कोणाचा डबा मुद्दाम उचलून नेला, असं पाच वर्षांत मी ऐकलं नाही.

सकाळच्या एका डब्यात दोन्ही वेळचं जेवण असायचं, त्यामुळे काय टिकेल याचा विचार आईला रात्रीच करावा लागे. उन्हाळ्यात पालेभाजी दुपारनंतर आंबते, म्हणून ती सकाळच्या वाट्याला. संध्याकाळसाठी घट्ट पिठलं, नाहीतर धपाटी. भाकरी गरम असताना डब्यात घातली तर वाफ धरून चिकट होते, म्हणून ती आधी टोपल्यात पसरून निववायची आणि मग फडक्यात गुंडाळायची. हे सगळं मला पुष्कळ उशिरा समजलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की डबा उघडला की जेवण असतं.

आणि शेंगाचटणी. तिच्याबद्दल मला आजही थोडक्यात बोलता येत नाही. आमच्याकडं ती उखळात कुटतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, एवढंच सामान. पहिल्यांदा दाणे नुसते फुटतात, मग भुगा होतो, आणि आई हात न थांबवता कुटत राहिली की एका क्षणी आवाज बदलतो. कोरडा ठक-ठक आवाज जाऊन घाव बसक्या आवाजात पडायला लागतो. दाण्याला तेल सुटलेलं असतं. चटणी काळपट लाल होते आणि मुठीत दाबली तर तिचा मुटका वळतो. मिक्सरमध्ये भुकटी होते, मुटका वळत नाही. संध्याकाळी खोलीवर गार भाकरी कुस्करून, त्यावर ही चटणी आणि कच्चं तेल घेऊन मी जेवायचो. चटणी संपत आली की डबीच्या तळाचं तेल भाकरीच्या तुकड्यानं फिरवून काढायचं. तो शेवटचा घास मी कोणाला दिला नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. पुढं जे सांगायचं आहे, त्यासाठी हे आधी कबूल केलेलं बरं.

अकरावीत सहामाही परीक्षेच्या दिवशी मी घाईघाईत कट्ट्यावरून पिशवी उचलली. लाल चिंधी दिसली, बाकी काही पाहिलं नाही. पेपर सुटल्यावर उघडलं तर डबा माझा नव्हता. आत चार भाकरी, दोन तळलेल्या मिरच्या, कागदाच्या पुडीत मीठ आणि एक कांदा. भाजी नाही, चटणी नाही. मला कडकडून भूक लागली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. आपला डबा आज दुसरा कोणीतरी खात असेल, या विचारानं उलट रागच आला, कारण त्या दिवशी माझ्या डब्यात वांग्याची भाजी येणार होती.

संध्याकाळी एक मुलगा विचारत विचारत माझ्या खोलीवर आला. आर्ट्सचा, दुसऱ्या गावचा. त्याच्या हातात माझी पिशवी होती, डबा जसाच्या तसा. त्यानं तो उघडलाच नव्हता. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात राहून वांग्याची भाजी आंबून गेली होती. मी विचारलं, "उघडल्याशिवाय तुला कळलं कसं, की हा तुझा नाही?" तो म्हणाला, "चिंधी सारखीच आहे, पण गाठ वेगळी आहे. माझी बहीण अशी गाठ मारत नाही." दुसऱ्याचा डबा उघडायचा कसा, म्हणून तो उपाशीपोटी पेपर देऊन आला होता. मी त्याच्या उरलेल्या दोन भाकरी परत दिल्या, तेव्हा मान वर करवत नव्हती. त्यानं फक्त विचारलं, "भाकरी मऊ राहिली होती का? ती नववीत आहे, आत्ताच शिकलीय."

मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या आणि त्या मऊ होत्या की कडक, हे मला सांगता येईना. लक्षच नव्हतं. मऊ होत्या, असं मी म्हणालो. ते खोटं अजून सलतं. त्यानंतर बारावी होईपर्यंत आम्ही दोघं दुपारी एकत्र डबा खायला लागलो. माझी भाजी आणि त्याच्या बहिणीच्या भाकरी. हळूहळू मला कळायला लागलं, की सोमवारची भाकरी जाड असते, कारण त्या दिवशी बहिणीला शाळेत लवकर जायचं असतं. आणि घरात कोणी आजारी असलं की कडा करपलेल्या असतात. डबा वाचता येतो, हे मी त्या मुलाकडून शिकलो.

दुसऱ्याच्या घरचा डबा वाचायला लागलो होतो, पण माझ्या स्वतःच्या घरचा मात्र वाचला नव्हता.

बारावीच्या हिवाळ्यात मी तक्रारी सुरू केल्या. शेजारच्यांच्या फोनवर आईला म्हणालो, "रोज तीच ती भाजी, आणि तीही एवढीशी." ती "बरं" एवढंच म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात डब्यात भाजी वाढली. मला वाटलं, तक्रार कामाला आली.

थोड्या दिवसांनी कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली आणि मी कोणाला न कळवता पहाटेच्या गाडीनं गावाकडं निघालो. वाटेत आमची मुक्कामी गाडी समोरून बार्शीकडं गेली. तिच्यात माझाच डबा होता. घरी पोचलो तेव्हा आठ वाजले असतील. चुलीपुढं आई आणि आजी जेवायला बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये रिकामी कढई होती. आई भाकरीचा तुकडा कढईच्या आतून फिरवत होती. कढईला चिकटलेला मसाला, तेल, मेथीचं एखादं पान, जे लागेल ते. आजीच्या ताटलीत भाकरी आणि मीठ-पाणी लावलेलं तिखट.

मला बघून आई गडबडली. "बस, बस, पिठलं टाकते," म्हणून उठली. मी विचारलं, "भाजी?" ती म्हणाली, "डब्यात गेली की."

एवढंच घडलं. कोणी रडलं नाही, कोणी काही समजावून सांगितलं नाही. तिच्या बोलण्यात तक्रारही नव्हती. भाजी जिथं जायची तिथं गेली, इतक्या साधेपणानं तिनं ते सांगितलं. पण माझ्या डब्यातल्या वाढलेल्या भाजीचा हिशेब त्या कढईत होता. तोवर डबा म्हणजे आत काय भरलंय एवढंच मी बघत होतो. डबा भरल्यावर घरात काय उरलं, हा प्रश्न मला त्या सकाळी पहिल्यांदा पडला.

२०११ ला पुण्यात आलो. एका खोलीत चौघं, एकेका कॉटचं भाडं वेगळं. अभ्यासिकेत एक टेबल. दोन वेळच्या मेसचे महिन्याला सोळाशे रुपये. रविवारी दुपारी फिस्ट आणि रात्री मेस बंद, त्यामुळे रविवारची रात्र वडापाववर. सलग काही दिवस गावी जायचं असेल तर आधी सांगायचं, म्हणजे मेसच्या काकू वहीत तेवढे खाडे धरत आणि पुढच्या महिन्यात पैसे वळते करत. महिनाअखेरीला दोघांत एक डबा मागवायचा आणि वरून दोन पोळ्या जास्तीच्या घ्यायच्या, हे तर सगळी पेठच करत होती.

पहाटे अभ्यासिकेत जाण्याआधी आम्ही अमृततुल्यवर थांबायचो. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर एकत्र उकळत असे. चहावाले काका आलं-वेलदोडा खलबत्त्यात कुटत, ओगराळ्यानं चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडत आणि फडक्यातून पिळून किटलीत गाळत. त्या खलबत्त्याचा आवाज आला की मला उखळ आठवायचं. पुण्यात जे घर होतं, ते त्या आवाजापुरतं होतं.

गावाहून येताना चटणीची बरणी असायचीच. एकदा बसमध्ये तिचं झाकण सैल झालं आणि तेल सॅकभर पसरलं. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाच्या नोट्स, तीन महिने बसून काढलेल्या, तेलानं भिजून गेल्या. पानं वाळवली, पण मधली काही आरपार दिसू लागली. मागच्या पानावरची अक्षरं पुढच्या पानावर उमटायची. २०१३ पासून राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत दोनशे गुणांचा दुसरा पेपर आला, त्यामुळे सगळे नव्या अभ्यासाच्या मागं धावत होते. नोट्स पुन्हा काढायला वेळच नव्हता. मी त्याच तेलकट वहीवर अभ्यास केला.

त्याच वर्षी आमच्याकडं दुष्काळ पडला. २०१२ चा पाऊस गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत सोलापूर आणि मराठवाड्याचा मोठा भाग टँकरवर आला. वडील जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेले. घरून पैसे येणं थांबलं. मी काकूंना सांगितलं, "गावी चाललोय, पंधरा दिवसांचा खाडा धरा." गेलो कुठंच नाही. दुपारी केळी, रात्री बिस्किटं आणि चहा, असं चालू केलं. पहिले चार दिवस जमतंय असं वाटलं. सहाव्या दिवशी वाचलेली ओळ पुन्हा वाचायला लागली. आठव्या दिवशी अभ्यासिकेच्या जिन्यात डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी कठड्याला धरून बसलो. उपाशी राहून अभ्यास केला, असं पुष्कळ जण अभिमानानं सांगतात. माझा अनुभव असा, की उपाशीपोटी अभ्यास होत नाही, फक्त पुस्तक उघडं राहतं.

नवव्या दिवशी रात्री काकूंनी मला रस्त्यात बघितलं. हातात बिस्किटाचा पुडा होता. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "खाडा गावाला गेल्यावर धरतात. पेठेत असल्यावर जेवायला यायचं." पैशांचं त्यांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा मीच म्हणालो, "काकू, डबे पोचवायचं काम करतो." त्या दिवसापासून सायकलला दोन्हीकडं पिशव्या लावून रोज चौदा डबे पोचवायचे आणि रात्री पोळ्या वाढायच्या, अशी चार महिने माझ्या जेवणाची सोय झाली.

मेस मी आतून पाहिली ती तेव्हा. बाहेर बसलेल्या पोराला ताट दिसतं, आत ओटा दिसतो. पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशी दुपारी बारापासून उभ्या. एकीच्या मनगटाला कायम पट्टा बांधलेला. भाजी संपत आली की काकू पातेलं तिरकं करून डावानं तळ खरवडत आणि एवढ्यात दारात आणखी दोन पोरं आली, की तीही त्यांच्या ताटात जाई. "या, बसा," हे शब्द बाहेर ऐकू यायचे. आत त्याचा अर्थ असा होता, की आता आतल्या तिघींना भाजी नाही. साडेदहाला दार लागलं की त्या तिघी भिंतीला टेकून बसत. पोळी, लोणचं आणि पाणी घालून वाढवलेली आमटी. पहिल्या रात्री त्यांनी मला आधी वाढायला घेतलं. मी नको म्हणालो आणि त्यांच्यासोबत बसलो. रिकामं पातेलं मध्ये होतं. बारावीतली कढई आणि ते पातेलं मला एकच वाटलं.

त्या रात्री खोलीवर जाऊन वही उघडली. तेलानं आरपार झालेल्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ होती : रयत शिक्षण संस्था, १९१९, काले, कर्मवीर भाऊराव पाटील. त्याखाली बारीक अक्षरात, वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही ओळ मी वीस-पंचवीस वेळा पाठ केली असेल. एका गुणाचा प्रश्न येऊ शकतो म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा ती ओळ मला समजली. वसतिगृहात धान्य संपलेलं, पोरं पंगतीला येऊन बसणार, आणि आत एक बाई घरात काय उरलंय ते शोधते आहे. भांड्यातलं संपल्यावर तिनं गळ्यातलं काढून दिलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, त्याही आधीपासून पुण्यात वार लावून आणि माधुकरी मागून मुलं शिकत होती. महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास आपण शाळांच्या स्थापनेच्या सालांवरून शिकतो. तो पंगतीतूनही शिकायला हवा. शिकणाऱ्याच्या ताटात जे आलं, ते कोणाच्या तरी ताटातून आलं होतं.

मी राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली. मुलाखतीपर्यंत पोचलो नाही. २०१५ ला पुणं सोडलं, बीएड केलं आणि आता तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. अपयशाचं दुःख झालं, ते लपवत नाही. पण ती चार वर्षं वाया गेली, असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही.

वर्गात शेवटच्या तासाला एखादा मुलगा पेंगायला लागला, तर मी आधी त्याला बाजूला घेऊन "काय जेवलास?" असं विचारतो. "जेवलास का?" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात, मीही म्हणत होतो. काय जेवलास म्हटलं की खरं उत्तर येतं, किंवा उत्तर यायला वेळ लागतो. दोन्हींतून कळायचं ते कळतं. २०२१ च्या दिवाळीपासून काही महिने एसटीचा संप होता, तेव्हा आमच्या गावाकडचे डबे दुधाच्या टेम्पोतून जात. एकदा त्या टेम्पोजवळ उभं राहून मी पिशव्या बघितल्या. आता बऱ्याचशा शिवलेल्या नसतात, दुकानाच्या नावाच्या असतात. पण बंदाला चिंध्या होत्या आणि प्रत्येक गाठ वेगळी होती.

आई आता आमच्याकडं असते. घरात आता भाजीची वाण नाही. तरी सगळ्यांना वाढून झाल्यावर बसायची तिची सवय गेलेली नाही. बसली की हात आपोआप कढईकडं जातो. म्हणून जेवायला बसण्याआधी मी स्वयंपाकघरात जातो, झाकण उचलून कढईत किती आहे ते बघतो आणि पहिलं ताट तिचं वाढतो. सुरुवातीला ती रागवायची, "पुरुषमाणसानं भांड्यात डोकावू नये," म्हणायची. आता गप्प बसून जेवते. परवा तिच्या ताटात वांग्याची भाजी वाढली, तर म्हणाली, "एवढी नको, तुला राहील का?"

मी झाकण उचलून तिला कढई दाखवली.